मागच्या चाकाचा नट

४ नोव्हेंबर

बंधुराज,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर म्हणू या. अडीच ओळी! "ताई, माझी गाडी तुझ्या शेडमध्ये पडून आहे, ती मिळेल त्याला देऊन टाक. एक डिसेंबरपासून मी स्टोअरला बसणार, साहेबांना तसं सांगितलंय. पान्याचा आणि माझा संबंध संपला." खाली सहीसुद्धा नाही. वाण्याकडे देतात ती यादीही याहून लांब असते.

मी फोनच केला असता. पण नऊ महिन्यांपासून फोनवर तुझं "हं, बरं, कामात आहे" यापुढे गाडं जात नाही. पत्राचं बरं असतं, मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि माझं पत्र फाडायची तुझी छाती नाही.

तर आधी त्या स्टोअरचं बोलू. सतरा वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलीस. चालत्या मशीनवर नुसता तळहात ठेवून "याचं बेअरिंग आठवडाभरात जाणार" म्हणणारा माणूस तू, आणि आता जाळीमागच्या खुर्चीवर बसून लोकांना हातमोजे आणि साबणाच्या वड्या वाटणार? डोकं ठिकाणावर आहे ना? वहिनीने मला सगळं सांगितलंय, तिच्यावर डाफरू नकोस. म्हणाली, एकेक नट चारचारदा बघतात, घरी आले की परत फॅक्टरीत जातात, आवळलाय की नाही ते पाहायला. साहेबांनी हाकललेलं नाही, यांनी स्वतःच सांगितलं की माझ्या हातांचा मला भरवसा नाही.

हे वाक्य वहिनीने सांगितलं तेव्हा मी दुकानात होते. किल्ली कापत होते, ती वाकडी कापली गेली. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, लक्ष कुठंय?

गाडीचं म्हणशील तर ती मी विकणार नाही. तुझी गरीब गाय आहे ती. बटण दाबलं की हंबरते, दिवसभर चरते, संध्याकाळी गोठ्यात येते. माझ्या आत्याबाईसारखी, बाबांच्या त्या जुन्या फटफटीसारखी नाही. आत्याबाईची सकाळची मनधरणी तुला पाठ आहे: आधी पेट्रोलचा कॉक, मग चोक, मग एक हलकी किक नमस्कारापुरती, मग एक खरी. त्यावर ती फुसकन शिंकणार आणि गप्प बसणार. कालपरवा तर मी तिला म्हणाले, "आत्याबाई, बाबांसाठी एका किकेत यायचात, माझंच काय घोडं मारलंय?" शेजारचा शिंपी खिडकीतून बघत होता. बघू दे. त्याला माहीतच आहे मी कशी आहे ते.

ते स्टोअरचं रद्द कर. महिना आहे हातात. मोठी बहीण सांगतेय.

तुझी ताई


११ नोव्हेंबर

अरे शहाण्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझीच बहीण आहे, हट्टात कमी नाही.

तुझ्या गायीची खबर ऐक. नवी चेन टाकली. मागचं चाक गॅरेजमधून सरळ करून आणलं, एक स्पोक बदलावा लागला. उजवं फूटरेस्ट वाकलं होतं ते गरम करून ठोकून बसवलं. बॅटरी उतरली असणार म्हणून मी किकेची तयारी केली, तरी सवयीने बटण दाबलं. तर चालू! नऊ महिने कोपऱ्यात, अंगावर धूळ, आणि चालू. मला इतका राग आला म्हणून सांगू. आत्याबाईला मी रोज पुसते, वेळच्या वेळी ऑइल पाजते, आणि तिचं नाक वर ते वरच.

रविवारची मंडळी तुझी आठवण काढतात. पंपाशेजारच्या चहावाल्याकडे अजून जमतो आम्ही. दातवाला येतो, तोच, दातांचा डॉक्टर, ज्याच्या गाडीचा एक पार्ट समुद्रापलीकडून यायला सात आठवडे लागले होते. तरी त्याचं पालुपद तेच: "गाडी असावी तर अशी." अरे, पण असते कुठे? वर्कशॉपात! त्याला तुझ्या गायीत रस आहे. म्हणतो, रोज दवाखान्यात जायला एक न बंद पडणारी गाडी हवी. म्हणजे शेवटी कबूल केलंन की नाही?

आपली ती अदलाबदलीही मोडली रे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तू माझी गाडी बघायची, मी तुझी. बाबांचं म्हणणं, आपल्या गाडीचा दोष आपल्याला दिसत नाही, आपल्या पोरांचा दिसत नाही तसाच. आणि ज्याने नट आवळला त्याने त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी गाडीच्या अंगावर, म्हणजे नट जरा हलला की रेघ तुटलेली दिसते. कोपऱ्यावरची दुकानदारीण मला विचारते, "ताई, बाटल्या नेता, पण नखं कधी रंगवलेली दिसली नाहीत?" मी म्हणते, "माझी नखं गाडीला आहेत." शेवटी मालकाने स्वतः पाना घेऊन सगळ्या नटांवरून एक फेरी मारायची, मगच गाडी रस्त्यावर. बाबा गेले तरी हे नियम आपण पाळले.

आता मी एकटीच बघते आत्याबाईला. मजा नाही. भांडायला कोणी नसेल तर इंजिनचे टॅपेट नीट बसत नाहीत.

त्या शेवटच्या रविवारचं भांडण आठवतं का? तू म्हणत होतास, गाडीचा पहिला गुण म्हणजे ती पोचवते. मी म्हणत होते, पोचवायचं काम तर बसही करते, गाडीने बोललं पाहिजे, बिघडायच्या आधी सांगितलं पाहिजे. आत्याबाई महिनाभर आधी कुरकुरते, तुझी गाय एके दिवशी न सांगता बसेल. तू हसत होतास. वहिनी मध्ये येऊन म्हणाली, "वन्सं, तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडायला पाहिजे." मग तिने चहाला हाक मारली. पुढचं तुला माहीतच आहे.

ते पुढचं आज नको. वहिनीच्या मनगटाचं काय? पार्लरमध्ये पूर्वीसारखी कात्री चालते का?

ताई


१७ नोव्हेंबर

बंधुराज,

आज दातवाल्याला हाकलून दिला. तुला आनंद होईल की नाही माहीत नाही.

आला सकाळी, हेल्मेट चकचकीत, हातात गाडीचं पुस्तक. पुस्तकात वाचून गाडी बघत होता, तू डोळ्यांसमोर आण. "क्लच प्ले किती? टायरची तारीख?" मी सगळं सांगितलं. बसून एक चक्कर मारून आला, आणि हेल्मेट काढताना चेहरा असा झाला होता की बस. म्हणाला, "किती शांत आहे हो ही! माझ्या गाडीवर बसलं की दोन्ही हातांना मुंग्या येतात." मला आतून गुदगुल्या झाल्या. तुझ्या गाडीचं कौतुक झालं की मी तोंडाने खोडून काढते, पण आतून मला आवडतं. नेहमीच आवडायचं. आता सांगून टाकते.

मग त्याने मागच्या चाकापाशी उकिडवं बसून विचारलं, "इथलाच नट सुटला होता ना? ऐकलंय तुमच्या भावाने ढिला ठेवला. फिटर ना ते? कमाल आहे. अशा माणसाच्या हाताखाली अख्खा कारखाना..." एवढंच बोलला बिचारा. वाईट माणूस नाही. लोक जे बोलतात तेच बोलला.

माझा पाराच चढला. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. त्याच्या गाडीला उद्देशून, त्याच्या पुस्तकाला उद्देशून, आणि मागे त्याने माझी दाढ काढली होती त्या दाढेलाही उद्देशून. तो मागे मागे सरकत फाटकाबाहेर गेला, हेल्मेट उलटं घातलं. त्यात एक वाक्य असं निघून गेलं की ते ऐकून तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी फाटक लावून घेतलं.

ते वाक्य तुला सांगायचं की नाही यावर मी दिवसभर दुकानात बसून विचार केला. तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. एक म्हातारे गृहस्थ घराबाहेर अडकले होते, त्यांचं कुलूप तेवढं जाऊन उघडून दिलं.

आज एवढंच.

ताई


१९ नोव्हेंबर

माझ्या राजा,

दातवाल्याला मी ओरडून म्हणाले, "त्याने नाही ठेवला ढिला, मी ठेवला!"

आता झालं लिहून. उठून पाणी पिऊन आले. आता क्रमाने सांगते, तू क्रमानेच ऐकणारा माणूस आहेस.

त्या रविवारी अंगणात तू आत्याबाईचे टॅपेट बघत होतास आणि मी तुझ्या गायीची चेन ताणत होते. मागच्या चाकाचा नट सोडला. दोन्ही बाजूंनी चाक सारखं मागे घेतलं. चेन बोटाने दाबून बघितली, बरोबर होती. नट हाताने फिरवून बसवला. पान्याने आवळायचा तेवढा राहिला होता. आणि तेवढ्यात तू आत्याबाईमागून डोकं वर काढून म्हणालास, "ताई, शपथेवर सांग. घरात कोणी अत्यवस्थ आहे, शंभर मैल जायचंय, दोन्ही गाड्या दारात आहेत. तू कोणती काढशील?"

उत्तर काय होतं ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. तुझी काढली असती. डोळे मिटून तुझी. पण हे तुझ्या तोंडावर कबूल करायला जीभ कशी उचलणार? मी पाना खाली गवतात ठेवला, दोन्ही हात मोकळे केले आणि बोलायला लागले. बाबांनी आत्याबाईवरून कुठे कुठे प्रवास केला, कधी कधी ती कशी पोचली, कधी ढकलत आणली ते गाळून. तू हसतोस म्हणून मला आणखी चेव आला. बोलता बोलता सवयीने बाटली उघडली आणि त्या नटावर लाल रेघ ओढली. न आवळलेल्या नटावर. छान सरळ रेघ आली होती, मला आठवतंय.

मग तू स्वतःचा पाना घेऊन फेरी मारलीस. पुढचं चाक, इंजिनचे बोल्ट, हँडल. मागच्या चाकाशी आलास, रेघ बघितलीस आणि पाना न लावता उठलास. आत वहिनी चहा गाळत होती. कोणी म्हणेल, नियम तूही मोडलास. म्हणू दे. तू ताईची रेघ बघून उठलास, यात तुझी चूक मी धरणार नाही. कोणी धरली तर त्याला दातवाल्यासारखं फाटक दाखवीन.

चहा झाल्यावर तुम्ही दोघं निघालात. मी अंगण आवरताना पाना गवतातून उचलला आणि पिशवीत टाकला. काहीही वाटलं नाही मला. हात हलवून तुम्हाला निरोप दिला होता.

आता दवाखाना. आत वहिनीच्या मनगटाला प्लॅस्टर घालत होते. तू बाहेर बाकावर बसला होतास, दोन्ही गुडघे सोललेले. मी आले तशी तू विचारलंस, "ताई, मागचा नट तू आवळला होतास ना?"

तू विचारलंस आणि मला गवतातला तो पाना दिसला. लख्ख. आणि मी म्हणाले, "हो."

एवढाच शब्द. मग तू कितीतरी वेळ तळहातांकडे बघत बसलास. म्हणालास, "मला तर वाटतंय मी त्या नटाला हातच लावला नाही. पण तू आवळला होतास म्हणजे मी लावला असणार. उलटा फिरवला असणार, आणि मला आठवतही नाही." आणि मी काय केलं? तुझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "होतं असं एखाद्या वेळी."

चेन उतरली, चाक अडकलं, तुम्ही पडलात, हाड मोडलं, हे सगळं माझ्या एका चुकीने झालं. चूक कोणाचीही होते. पण त्या बाकावर मी केलं ती चूक नव्हती. तुझी आठवण खरी होती आणि मी ती खोटी पाडली. तेव्हापासून तू आपल्या हातांवर संशय घेतोयस आणि मी इथे बसून तुला "हिंमत धर" म्हणून पत्रं लिहितेय. लाज वाटत नाही का मला? वाटते. फार वाटते.

का बोलले तसं? तुला पाना धरायला मी शिकवलं. बाबा गेले तेव्हा तू सहावीत होतास, सगळं माझ्याकडे बघून शिकलास. दवाखान्यात तू माझ्याकडे बघत होतास तो "ताईचं चुकत नाही" अशा नजरेने बघत होतास, आणि त्या नजरेतून उतरायची माझी तयारी नव्हती. एक दिवस जाऊ दे, मग सांगू, म्हटलं. मग आठवडा गेला. मग तू बदली मागून घेतलीस आणि इतक्या लांब निघून गेलास, आणि मी मनाशी म्हटलं, आता कशाला उकरायचं? खोटं बोलायला एक शब्द लागला, खरं लिहायला नऊ महिने लागले बघ.

माझ्यावर हवा तेवढा राग धर. बोलू नकोस, येऊ नकोस. पण हातांवर राग धरू नकोस, त्यांनी काही केलेलं नाही. एक तारखेला बारा दिवस आहेत. साहेबांना जाऊन सांग.

वहिनीला आज वेगळं पत्र टाकलंय. तिलाही हेच लिहिलंय.

तुझी
ताई


२७ नोव्हेंबर

बंधुराज,

तुझं काही नाही. अपेक्षाही नव्हती. खोटं कशाला, अपेक्षा होती. टपालवाला आला की मी दुकानाबाहेर येऊन उभी राहते. तो लांबूनच मान हलवतो.

वहिनीचा फोन आला होता. मी म्हणाले, "वहिनी, मी तुमचे पाय धरते." ती म्हणाली, "पाय धरू नका, ऐका. मनगट माझं मोडलं होतं, ते मी तुम्हाला माफ केलं, त्यात काही नाही. पण घराबाहेर पडताना त्यांना चारचारदा गॅस बघायला परत येताना मी नऊ महिने बघितलंय. त्याची माफी इतक्यात मागू नका वन्सं. मला अजून नाही जमायचं." मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिची ही बोलायची रीत मला पहिल्यापासून आवडते, तू लग्न ठरवलंस तेव्हाच मी म्हणाले होते, पोरगी खणखणीत आहे.

तिने एवढं सांगितलं की माझं पत्र तू स्वयंपाकघरात उभ्याने वाचलंस, घडी करून खिशात घातलंस आणि जेवलास. पूर्ण जेवलास. रोज अर्धं ताट टाकतोस म्हणे. यातून काय समजायचं ते मला कळत नाही, तिलाही कळलं नाही.

दातवाला काल दुकानात आला होता. मला वाटलं भांडायला आला. म्हणाला, "किल्ली करून द्या." दवाखान्याची एक किल्ली पुढे केली. मी करून दिली. जाताना म्हणाला, "मीही एकदा चुकीची दाढ काढली होती. पेशंटला सांगितलं नाही." आणि गेला. माझी कोणती काढली होती देव जाणे!

रविवारच्या मंडळींनाही मी सांगून टाकलंय. चहाचे ग्लास हातात होते तेव्हाच सांगितलं, म्हणजे कोणी उठून जाणार नाही. चहावाल्याने माझ्याकडे बघून म्हटलं, "मग त्या पोराच्या नावाने आपण जे बोललो ते?" खरंच आहे त्याचं. ते परत कोण घेणार? मी प्रत्येकाकडून वदवून घेतलं की यापुढे कोणी तुझं नाव काढलं तर खरं काय ते सांगायचं. दोघं-तिघं माझ्याकडे पूर्वीसारखं बघत नाहीत. त्यांच्या गाड्या मी बघायचे, आता कोणी घेऊन येत नाही. बरोबरच आहे.

चार दिवस राहिलेत. मी काही मागत नाही. फक्त तारीख आठवण करून देतेय.

ताई


४ डिसेंबर

माझ्या राजा,

फोनवर तूच सगळं बोललास, मला फक्त हो-नाही म्हणू दिलंस. म्हणून माझं या पत्रात.

तीस तारखेला दुकानात गर्दी होती. एकाची कपाटाची किल्ली हातात, आणि फोन वाजला. तुझं नाव बघून मी किल्ली तिथेच सोडली. "हॅलो" म्हणायच्या आत तू सुरू झालास. काय आवाज चढला होता तुझा! "नऊ महिने, ताई! नऊ महिने!" गिऱ्हाइकाला फोनमधून ऐकू जात होतं. मूर्ख म्हणालास, दोनदा. खोटारडी एकदा. "तुझ्यापायी मी वेड लागलं म्हणून डॉक्टर शोधत होतो," असं म्हणालास, ते मला सगळ्यात लागलं. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होते आणि रडत होते. पण खरं सांगू का, इतक्या महिन्यांनी तुझा पुरा आवाज ऐकला. शिव्या का असेनात, मला आणखी हव्या होत्या.

मग तू दम घ्यायला थांबलास. आणि एकदम वेगळ्याच आवाजात विचारलंस, "हाताने किती फेरे बसवला होतास?"

"तीन. साडेतीन असतील."

"वॉशर होता?"

"होता."

"रेघ मी बघितली तेव्हा ओली होती का?"

"ओली असणार. नुकतीच ओढली होती."

मी ओळखलं, तू जमिनीकडे बघत डोक्यात चाक फिरवत होतास. बंद मशीनसमोर उभा राहतोस तसा. "पुलाच्या चढावर मी गाडी जोरात ओढली," म्हणालास, "तिथे एका बाजूने चाक पुढे सरकलं. तिरकं झालं. मला शेपूट हलल्यासारखं वाटलं होतं, मला वाटलं रस्ता खराब आहे. आणि पुढच्या वळणावर चेन उतरली."

"हो," मी म्हणाले. "तसंच झालं असणार."

"म्हणजे मी त्याला हात लावलाच नव्हता."

"नाही लावलास रे. तू म्हणत होतास तेच खरं होतं."

मागे गिऱ्हाईक टेबलावर बोटं वाजवत होतं. तुझ्या श्वासाचा आवाज येत होता. मी माफ कर म्हणाले नाही. वहिनीने बजावलं होतं, आणि तुझ्या त्या श्वासामध्ये माझं काही घुसवायचा मला हक्क नव्हता.

मग तू म्हणालास, "ताई, आत्याबाईला हात लावायचा नाही. एक नट फिरवायचा नाही तिचा. मी येऊन बघेन, मग काय ते." आणि फोन बंद.

पहिल्यांदा मला रागच आला. मला? बाबांच्या गाडीला मी हात लावायचा नाही? तीस वर्षं जिची खरखर मी पोटात घातली तिला? सांगणारा हा कोण टिकोजीराव? शेवटी किल्ली केली, गिऱ्हाईक वाटेला लावलं, दुकानाला टाळं ठोकलं. मग शेडपाशी गेले आणि पायरीवर बसले तेव्हा उमगलं तू काय म्हणालास ते: "मी येऊन बघेन."

काल वहिनीने कळवलं, एक तारखेला तू साहेबांच्या खोलीत गेलास आणि स्टोअरचा अर्ज परत मागून घेतलास. पहिल्या पाळीला कॉम्प्रेसर उघडून बसलास, दुपारी घरी आलास ते कोपरापर्यंत काळा. परत बघायला गेलास का, असं मी विचारलं. ती म्हणाली, एकदा. चारदा नाही, एकदा. आणि माझं नाव घरात काढू देत नाहीस. ठीक आहे. नको काढूस.

कधी येणार ते तू सांगितलं नाहीस, मी विचारणारही नाही. तुझ्या सवडीने ये. महिन्याने ये, वर्षाने ये.

इकडे आत्याबाईच्या क्लचची तार सैल झालीय. ऑइलही काळं पडलंय, बदलायची वेळ होऊन गेली. दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझे हात नुसते शिवशिवतात. शिंप्याने कालच विचारलं, "ताई, गाडी बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही, ठणठणीत आहे. माझ्या भावाने हात लावू नको म्हटलंय."

मी बसने जाते दुकानात.

तुझी
ताई